संशोधनाची दक्षिणा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्याच्या पुढे डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य 1968 साली जाहीर झाले तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते, 2003 साली ते 12.11 चौरस किलोमीटर झाले. मुंबईकरांना कर्नाळा ठाऊक आहे तो पक्ष्यांमुळे, शाळेच्या सहलींमुळे आणि फार तर पुढे तारा गावी काम करणाऱ्या युसुफ मेहेरअली सेंटरमुळे. ऑक्टोबर 2024 मध्ये हे नाव एका वेगळ्याच कागदावर आले. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावे मिळून 323.44 चौरस किलोमीटरचे ‘कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर’ शासनाने अधिसूचित केले आणि त्याच्या विकासाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) सोपवले. अटल सेतू त्याच वर्षी जानेवारीत खुला झाला होता. पाठोपाठ 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले.

या 124 गावांत सातबारा कोणाच्या नावावर आहे, कसतो कोण, कातकऱ्यांची वाडी कोणाच्या जमिनीवर उभी आहे, खारभूमीचे बांध फुटले तर दुरुस्ती कोण करतो, जमीन विकून आलेला पैसा घरातल्या बायकांच्या हाती किती लागतो, हे आजच कुणीतरी नोंदवून ठेवायला हवे. उद्या विचारून त्याचा उपयोग नाही. त्यासाठी एखाद्या अभ्यासकाने तीन-चार वर्षे याच पट्ट्यात राहायला हवे, तलाठ्याकडचे फेरफार वाचायला हवेत, ग्रामसभांना बसायला हवे. त्या तीन-चार वर्षांत त्याच्या खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण एखाद्या समाजाला स्वतःविषयी काय कळते आणि काय कळत नाही, ते बरेचसे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून समाज आणि धोरण यांच्या अभ्यासकांना मिळणाऱ्या विद्यापीठीय फेलोशिपचा आढावा कर्नाळ्याच्या बाजूने घ्यावासा वाटला.

या भागाचा अभ्यास मुळीच झालेला नाही असे नाही. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचे इंग्रजी पुस्तक 1934 साली मुंबईत निघाले. नवी मुंबईच्या उभारणीवर बेल्जियन अभ्यासक अलँ जाकमँ यांनी 1999 साली लिहिले, अन्नपूर्णा शॉ यांचे पुस्तक 2004 साली आले. डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांच्या गावठाणहक्कावर वाडीतल्या माणसांना बरोबर घेऊन काम केले, त्याचे पुस्तक 2013 साली प्रसिद्ध झाले. ही सगळी मोलाची पुस्तके इंग्रजीत आहेत. जासईच्या शेतकऱ्याच्या किंवा चिरनेरच्या सरपंचाच्या हाती ती पडत नाहीत, आणि पडली तरी वाचली जाणार नाहीत. ज्यांच्यावर लिहिले त्यांच्यापर्यंत लिहिलेले परत येत नाही, हे आपल्याकडच्या संशोधनाचे फार जुने दुखणे आहे. सुरुवात मात्र अशी नव्हती.

महाराष्ट्रातल्या फेलोशिपचा उगम पेशव्यांच्या दक्षिणेत आहे. श्रावणात पुण्याला जमणाऱ्या विद्वान ब्राह्मणांना पेशवे दक्षिणा वाटत. राज्य बुडाल्यावर कंपनी सरकारने ती एकदम बंद केली नाही, त्यातल्या पैशावर 1821 साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. 1849 साली लोकहितवादी आणि त्यांच्या मताच्या पुणेकरांनी सरकारकडे अर्ज केला की ही दक्षिणा जन्मावरून वाटण्याऐवजी तिचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांनी गहजब केला, पण मागणी मान्य झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. त्याच निधीतून पुढे कॉलेजांमध्ये ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिघेही दक्षिणा फेलो होते. फेलोशिपची पहिली फळे एकाच जातीच्या पदरात पडली, हेही इथेच सांगायला हवे. पण सार्वजनिक पैसा घेतला तर त्या बदल्यात मराठीत ग्रंथ द्यायचा, ही त्या अर्जामागची कल्पना मला आजही पटते.

दुसरे मोठे उदाहरण बडोद्याचे, आणि आशियाच्या अभ्यासाच्या दृष्टीने ते फार जवळचे. गोव्यातल्या साखवळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश फिरून पाली शिकून आले. कलकत्ता विद्यापीठ त्यांना दरमहा 250 रुपये द्यायला तयार होते. सयाजीराव गायकवाडांनी 50 रुपये देऊ केले, ते अशा बोलीवर की महाराष्ट्रात कुठल्याही शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी 50 रुपये पत्करले. आपण मिळवलेले ज्ञान आपल्या लोकांना द्यायचे, एवढाच त्यामागे हिशेब होता. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे 1910 सालचे छोटेखानी पुस्तक त्यांच्या बडोद्यातल्या व्याख्यानांतून तयार झाले, आणि मराठी घरांत बुद्ध पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पुढे ते हार्वर्डला गेले, लेनिनग्राडला गेले, पण त्यांची पायाभरणी या 50 रुपयांवर झाली होती.

त्याच बडोद्याने 1913 साली भीमराव आंबेडकर या पदवीधराला दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तीन वर्षांत त्यांनी तिथे काय केले ते सांगायची गरज नाही, मे 1916 मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध आजही जगभर अभ्यासला जातो. मात्र या कहाणीचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 साली त्यांना परत यावे लागले, आणि 1920 साली पुन्हा जायला स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज गोळा करावे लागले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध व्हायला 1923 साल उजाडले. पैसा थांबला की आंबेडकरांचेसुद्धा काम थांबले. मग डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलीचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

विद्यापीठांनी स्वतः पुढाकार घेतल्याचाही एक काळ होता. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्र विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. विद्यापीठाने मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले, ते केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आले आणि 1924 साली विभागप्रमुख झाले. एका शिष्यवृत्तीतून पुढे किती माणसे उभी राहिली पाहा: इरावती कर्वे, मै. ना. श्रीनिवास, अक्षयकुमार देसाई, हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी. पुण्यात साताऱ्याच्या रा. रा. काळे यांच्या देणगीतून 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी करून महाराष्ट्राला तालुका पातळीवर आकडे गोळा करायची सवय लावली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद 1969 साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक. म्हणजे देशातल्या सामाजिक संशोधनाच्या पैशाची व्यवस्था लावण्यात दोन मराठी माणसे आघाडीवर होती.

आज पैसा त्या काळापेक्षा पुष्कळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये झाली आणि वरिष्ठ टप्प्यावर 42 हजार. घरभाडे वेगळे. मानव्यशाखेच्या अभ्यासकाला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे वर्षाला 10 हजार आणि पुढे 20,500 रुपये मिळतात. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था जवळपास याच दराने अधिछात्रवृत्ती देतात. ज्या घरांतून आजवर कुणी पदवीपर्यंतही गेले नव्हते, अशा घरांतली मुले-मुली या पैशावर पीएच.डी. करत आहेत. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत एक चक्कर मारली तरी हा बदल दिसतो. महाराष्ट्राने गेल्या वीस वर्षांत केलेल्या चांगल्या कामांत मी याची गणना करतो, आणि म्हणूनच या योजनांची पुढे झालेली ओढाताण मनाला फार लागते.

बार्टीच्या एका तुकडीतले 861 पात्र उमेदवार जागांच्या मर्यादेविरुद्ध दीर्घ काळ आझाद मैदानात बसले. 24 डिसेंबर 2023 रोजी झालेल्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेटचाच, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचाच, पेपर पुन्हा आल्याचे उमेदवारांनी दाखवून दिले. 10 जानेवारी 2024 रोजी फेरपरीक्षा झाली, तर तिथे काही प्रश्नपत्रिकांना सील नसल्याच्या तक्रारी आल्या. 2022 च्या तुकडीला नोंदणीपासून निम्मीच रक्कम द्यायची असे ठरले, आणि ते बदलून घेण्यासाठी पोरांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. त्याच सुमारास विधान परिषदेत पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल सरकारच्या बाजूने विचारला गेला. या सवालाने दुखावलेली मुले मला माहीत आहेत. केंद्रातही वेगळे घडले नाही. अल्पसंख्याक समाजांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. त्याआधी 2015 साली केंद्रीय विद्यापीठांतली, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा न झालेल्यांना मिळणारी दरमहा आठ हजारांची फेलोशिप बंद करायचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांनी आयोगाच्या दारात ठिय्या दिला होता.

जाहीर झालेला दर आणि हातात पडणारा पैसा यांत बरेच अंतर असते. जेआरएफची रक्कम कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते. दर महिन्याला गाइडने उपस्थितीवर सही करायची, विभागाने कागद पुढे पाठवायचा, विद्यापीठातल्या एका माणसाने पोर्टलवर नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची. यातला एक जण रजेवर गेला, निवडणुकीच्या कामाला गेला किंवा त्याची बदली झाली, की त्या विद्यापीठातल्या सगळ्यांचे त्या महिन्याचे पैसे अडकतात. राज्याच्या संस्थांत सहामाही प्रगती अहवाल, तो विद्यापीठाच्या समितीसमोर मांडायचा, मग घरभाड्याची कागदपत्रे, मग संस्थेची छाननी. कधी सहा महिन्यांचे पैसे एकदम येतात, तोवर घरमालक आणि खानावळवाल्या काकू थांबतात. पगारदार माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण क्षेत्रकार्याचे वेळापत्रक ऋतूंवर चालते. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये वाडीवर राहायला हाती पैसा नसेल आणि तो दिवाळीनंतर आला, तर भेटायची माणसे गेलेली असतात. वर्ष वाया जाते, आणि प्रबंधात त्याच्या जागी जनगणनेचे तक्ते येतात.

उपस्थितीच्या अटीचे मला जास्त वाईट वाटते. अभ्यासक विद्यापीठात किती दिवस आला हे मोजले जाते, गावात किती दिवस राहिला ते कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यासाठी केलेला नियम समाजशास्त्राच्या माणसालाही जशाचा तसा लावला गेला आहे. पनवेलच्या पूर्वेच्या वाड्यांवर काम करणाऱ्या मुलीने सहीसाठी कलिनाला मुंबई विद्यापीठात खेटे घालायचे, यात कोणाचे भले आहे?

भाषेची अडचण याहून खोल आहे. राज्यातल्या विद्यापीठांत समाजशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहिता येतो, सेट परीक्षेत मराठीतून प्रश्न वाचता येतात. पण सेट पास झाल्यावर प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. फेलोशिपसाठी नेट लागते, आणि भाषाविषय सोडले तर नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. बी.ए., एम.ए. मराठीतून केलेल्या मुलाला स्वतःच्या विषयाची परीक्षा परक्या परिभाषेत द्यावी लागते. हिंदी पट्ट्यातल्या मुलाला ती आपल्या भाषेत देता येते, याबद्दल मराठी संघटनांनी कधी आवाज उठवल्याचे फारसे ऐकू आलेले नाही. एवढे करून प्रबंध मराठीत झाला तरी त्याचा प्रवास शोधगंगेच्या संकेतस्थळापर्यंत. तो पुस्तक व्हावा, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा ‘नवभारत’सारख्या नियतकालिकांत त्यातले लेख यावेत, यासाठी फेलोशिपमध्ये एका पैशाची तरतूद नाही. 1849 साली पुणेकरांनी जे मागितले होते, ते आजच्या एकाही मोठ्या योजनेच्या अटींत मला सापडले नाही.

कर्नाळ्यापुढचे प्रश्न आशियात इतरत्रही पडले आहेत, म्हणून आता तिकडे वळू. आपल्या धोरणाच्या अभ्यासकाची नजर अजून लंडन आणि न्यूयॉर्ककडे असते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती हा फार मोठा आधार आहे, पण ती घेऊन जाणारे बहुतेक विद्यार्थी इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जातात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आशियाचा अभ्यास आशियात राहून करायच्या संधी मात्र हळूहळू वाढल्या आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात 2001 पासून आशिया संशोधन संस्था आहे, ती आशियातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना काही आठवड्यांसाठी बोलावते. नेदरलँड्समध्ये लायडनला 1993 पासून आशियाई अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था फेलो नेमते. जपान सरकारची संशोधन शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळते. दिल्लीची चिनी अभ्यास संस्था हार्वर्ड-येनचिंगबरोबर चीनच्या अभ्यासकांना अनेक वर्षांची फेलोशिप देते, तीत चीनमध्ये राहून भाषा शिकणेही येते. मुंबई विद्यापीठात मध्य युरेशियाच्या अभ्यासाचे केंद्र आहे, आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जपानी शिकायला गर्दी असते. ही गर्दी जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरच्या नोकरीकडे जाते. तिच्यातल्या चार जणांना जपानी समाजाचा अभ्यास करायला पाच वर्षांचा पैसा दिला असता तर मराठीत एक नवी विद्याशाखा उभी राहिली असती.

अमेरिकेने हे आपल्याबाबतीत केले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज 1961 साली स्थापन झाली आणि तिचे बस्तान सुरुवातीला पुण्यात डेक्कन कॉलेजात होते. मराठी शिकून इथल्या समाजाचा अभ्यास करणारी अमेरिकन माणसांची एक पिढीच त्या काळात तयार झाली. एलिनॉर झेलियट यांनी महार चळवळीवर 1969 साली प्रबंध पुरा केला, गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीवर 1973 साली. त्या दोघींनी जे कागद गोळा केले, ज्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यावर आज आपली विद्यापीठे उभी आहेत. व्हिएतनामी किंवा कोरियन शिकून तिथल्या शेतकऱ्यांवर असे काम करणारा मराठी अभ्यासक शोधू गेले तर हाती फार थोडे लागते.

आणि तो कर्नाळ्याला हवा आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना निघाली. विमानतळासाठी दहा गावे उठली, तिथे साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज आले. जपानमध्ये नारिता विमानतळाची जागा 1966 साली शेतकऱ्यांना न विचारता ठरली, बारा वर्षे लढाई झाली, 1978 साली विमानतळ सुरू झाला. आश्चर्य वाटेल असा भाग त्यानंतरचा आहे. 1991 पासून सरकार आणि शेतकरी एका टेबलाशी बसले, 1995 साली पंतप्रधान मुरायामा यांनी माफी मागितली, आणि काही शेतकऱ्यांनी जमीन सोडली नाही म्हणून 2002 साली दुसरी धावपट्टी आखूडच बांधली गेली. हे टेबल कसे मांडले गेले, मध्यस्थी कोणी केली, कुठल्या कागदावर सह्या झाल्या, हे उलव्याच्या किंवा साईच्या मुलाने जपानी शिकून नारिताच्या शेतकऱ्यांकडून ऐकले तर ते त्याच्या गावाच्या उपयोगी पडेल. तसेच चीनमधल्या शेन्झेनचे. 1980 नंतर तिथे शहर वाढले तशी जुनी गावे शहराच्या पोटात राहिली, गावकऱ्यांनी आपल्या घरजागेवर मजल्यावर मजले चढवून परप्रांतीय कामगारांना भाड्याने दिले. नवी मुंबईच्या गावठाणांत ज्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, त्यांचेच हे थोरले भावंड. तिथल्या नगरपालिकेने त्या घरांचे काय केले, काय पाडले, काय नियमित केले, याचे सविस्तर मराठी पुस्तक नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या अधिकाऱ्याला आणि प्रकल्पग्रस्तांच्या समितीला, दोघांनाही हवे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मुंबई विद्यापीठाने या पट्ट्यासाठी दहा फेलोशिप ठरवाव्यात, निम्म्या इथेच राहून काम करणाऱ्यांना आणि निम्म्या जपान, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियात जाणाऱ्यांना. प्रवेशाला नेटऐवजी मराठीतले टिपण आणि मुलाखत पुरे. पैसा वर्षाच्या सुरुवातीला सहा महिन्यांचा आगाऊ द्यावा. उपस्थिती गावाची धरावी, ग्रामपंचायतीची नोंद त्यासाठी चालावी. शेवटी प्रबंधाबरोबर दोनशे पानांचे मराठी पुस्तक द्यायचे आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवायचे, ही अट ठेवावी. 37 हजारांच्या दराने दहा जणांचे पाच वर्षांचे मूळ विद्यावेतन सव्वादोन कोटींच्या आसपास जाते. 124 गावांत नगर वसवायला निघालेल्या प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकात एवढी रक्कम कोपऱ्यात मावेल. प्राधिकरणाच्या पैशावर केलेला अभ्यास प्राधिकरणाच्या बाजूने झुकेल, ही शंका रास्त आहे. म्हणून निवड आणि विषय यांत त्याचा हात नसावा, पैसा विद्यापीठाच्या ठेवीत एकरकमी जमा व्हावा आणि त्यातूनच योजना चालावी. काळ्यांनी गोखले संस्थेला दिलेला पैसा असाच देऊन टाकलेला होता.

यातला पहिला अभ्यासक जमिनींची मोजणी सुरू व्हायच्या आधी इथे यायला हवा. एकदा मोजणीचे दगड रोवले गेले की कूळ, वाटेकरी, वाडीवरचे कातकरी, सगळे एकतर ‘लाभार्थी’ होतात किंवा ‘अतिक्रमणदार’, आणि मग त्यांचे जुने नाते जमिनीशी काय होते हे सांगायला कुणी तयार नसतो.